तुझा अर्धा राहिलेला नवस

प्रिय सुमन,

मला लिहिता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून हे मी बोलतेय आणि आपली मुक्ता लिहितेय. मधेच माझ्या तोंडून एखादी शिवी गेली की ती थांबते नि विचारते, "आजी, हे पण लिहू?" म्हणलं, लिही. छोट्या आजीला कळू दे मोठी आजी किती तापलीय ते.

तू जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात गोडच बोलत होते गं. सकाळी चहा तोंडाला लावला की म्हणायची, सुमे, आज साखर कमी पडली बघ. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या शकीलाआपा आल्या, माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि तू मला कसं फसवलंस ते सगळं सांगून गेल्या. त्या रडत होत्या. मी नाही रडले. मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघितलं आणि म्हणलं, उतरवा रे तिला खाली, मला तिच्याशी भांडायचंय!

माझा पाय बरा व्हावा म्हणून तू देवीला नवस बोललीस. तो फेडायला तू तुझी रोजची गोळी बंद केलीस, आणि गोळी बंद केली म्हणून गेलीस. मला मात्र रोज सांगत राहिलीस, "घेतली, अक्का." आता घट बसायला थोडेच दिवस उरलेत. नवस अर्धाच राहिला. तुझा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, म्हणतात की अर्धा राहिलेला नवस घरच्या बाईनं पुरा करायचा असतो, नाहीतर गेलेलीचा जीव अडकून राहतो. घरची बाई म्हणजे कोण? मी! ज्या उपासानं तुला नेलं, तो उपास आता मी पुरा करायचा. बोल, करू का? तू तर बोलणार नाहीस. म्हणून मीच बोलते, तू ऐक.

तू देवगाव रंगारीहून लग्न होऊन आलीस तेव्हा कशी होतीस आठवतं का? शेवग्याच्या शेंगेसारखी. सासूबाई म्हणल्या, "ही काय पाणी शेंदणार? बादलीबरोबर हीच आडात जाईल." पण तू सातवी पास होतीस. पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याच्या पुढल्या सुगीत मी जन्मले, आणि आमच्या गावात तेव्हा पोरींना शाळेत घालायचं कुणाला सुधरत नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी वाटणी केली. तू पेपर वाचायचा आणि मी भाकरी थापायच्या. मला तुझा राग यायला पाहिजे होता. पण तू चुलीशेजारी येऊन बसायचीस आणि मला वाचून दाखवायचीस. मरणाच्या, अपघाताच्या बातम्या गाळून टाकायचीस आणि लग्नाच्या, पावसाच्या तेवढ्या वाचायचीस. मला पुढं कळलं ते. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं की ही बाई आपल्याला पाहिजे तेवढंच सांगते!

तिशी ओलांडली आणि तू सुटायला लागलीस. सुटायला म्हणजे कशी? तोंड टम्म फुगलेलं नि लाल, जसं काही आत्ताच चुलीपुढून उठलीस. पोट पुढं, मानेखाली पाठीवर मांसाचा गोळा, आणि हातपाय मात्र काड्या. हनुवटीवर लव आली तेव्हा तू दोन दिवस पदर तोंडावरून काढला नाहीस. बाहेरचे म्हणायचे, "सुमनला सासर मानवलं बरं का." आणि घरात सासूबाईंनी शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याला कुलूप लावलं.

"अक्का, मी नाय हो खाल्ले," तू म्हणलीस.

मला सांगायची गरज होती का? आपण दोघी एका ताटात जेवायचो. तुझी भाकरी अर्धी राहायची ती मी संपवायची, आणि जाड तू व्हायचीस! मी सासूबाईंना म्हणलं सुद्धा, "लाडू मी खाते, तिच्या अंगाला लागतात." कुलूप माझ्यामुळं दोन दिवस जास्त राहिलं.

मग तुझी पाळी थांबली. एक महिना, दोन महिने, तीन महिने. लग्नाला किती वर्षं झालेली, आणि घरात तुझा पाळणा हलला नव्हता. सासूबाईंनी तुझं पोट बघितलं, तुझं तोंड बघितलं आणि डब्याचं कुलूप स्वतःच्या हातानं काढलं. देवापुढं साखर ठेवली. मला कानात म्हणल्या, "थोरले, चोरचोळी कर."

आपल्यात तिसरा महिना लागला की गाजावाजा न करता हिरवी चोळी देतात, दृष्ट लागू नये म्हणून. मी शहागंजाच्या बाजारातून खण आणला, तुझ्या मापाला दोन बोटं सैल शिवली, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून तुझी ओटी भरली. चोळी छातीशी धरून बसलीस. त्या दिवशी अंघोळीला तुझी पाठ चोळताना मी तुझ्या पोटावरचे पट्टे बघितले. वांग्याच्या रंगाचे, बोटभर रुंद! माझी चार बाळंतपणं झालेली. असले पट्टे मला नवव्या महिन्यात पण आले नव्हते. पण आनंदाच्या घरात कोण बोलणार?

शकीलाआपा तेव्हा शहागंजात बांगड्यांचं दुकान चालवायच्या. तुझ्या हातात हिरवा चुडा भरायला त्याच आल्या. हात दाबून एकेक बांगडी चढवली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तुझ्या मनगटापासून पंजापर्यंत निळं-काळं! जशी काही शाईची दौत सांडलीय. आपा घाबरून धावत आल्या. "भाभी, अल्ला कसम, मैं जोर से पकडीच नै! ये कैसा हात है इनका?" गल्लीत कुजबुज सुरू झाली की भाऊजी हात उचलतात. बिचारे भाऊजी! ज्या माणसाला घरातली मांजर भीत नाही, तो तुला काय मारणार?

तुझा तोच निळा हात धरून मी तुला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं मशीन लावून पोट बघितलं. पोटात मूल नव्हतं. काहीच नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर आपण दोघी बसलो होतो. तू हळूच मला विचारलंस, "अक्का, मग ती चोळी परत द्यायची का हो?"

सुमे, त्या वेळी मी तुला काय म्हणलं ते तुला आठवत असेल. म्हणलं, "चोळी कोण परत घेतं गं? घाल. अंगावर फाटूस्तोवर घाल." आणि मग दवाखान्याच्या मागं जाऊन मी एकटी रडून आले. ते तुला कधी सांगितलं नाही. बघ, मी पण एक गोष्ट लपवली होती. पण माझ्या लपवण्यानं कुणी मेलं नाही!

तिथं एक नव्या आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तुझ्या पोटाकडं बघितलंच नाही, तुझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. म्हणल्या, "उकिडव्या बसा. आता हात न टेकता उठा." तुला उठता येईना. अगं, घरात पण कितीतरी दिवस तू भिंत धरून उठायचीस, आणि आम्ही म्हणायचो वजनानं! मग त्यांनी विचारलं, "ह्यांचा जुना फोटो आहे का घरी?" मी रिक्षा करून घरी गेले आणि तुमच्या लग्नाचा फोटो खिळ्यासकट उपटून आणला. त्यांनी फोटो तुझ्या गालाशी धरला. एकदा फोटोकडं, एकदा तुझ्याकडं. मला म्हणल्या, "ह्या त्याच बाई का?"

"त्याच," मी म्हणलं. "आतून त्याच आहेत."

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती सगळ्या अंगाला हुकूम सोडते. तिच्यावर बारीक गाठ झाली असंल तर ती गाठ रात्रंदिवस एकच हुकूम सोडत राहते, थांबतच नाही, आणि माणसाचं अंग त्या हुकमाखाली असं बदलून जातं. ते खाण्यानं नसतं, पापानं नसतं, कुणाच्या नजरेनं नसतं. मी विचारलं, "म्हणजे आमच्या सासूबाई हिच्या डोक्यात जाऊन बसल्या म्हणायचं?" डॉक्टरीणबाई हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी तू पण हसलीस.

आधी खात्री करायची होती. दिवसरात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये धरून आणा म्हणल्या. तो कॅन मांडीवर घेऊन आपण रिक्षात बसलो. तेव्हा रॉकेलची टंचाई होती. रिक्षावाला वळून म्हणतो, "मावशी, कुठं मिळालं हो?" मी म्हणलं, "तुला पाहिजे का? स्टोव्ह पेटणार नाही एवढंच." तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस, आणि कॅन हिंदकळत होता, आणि मी ओरडत होते, "सुमे, सांडशील, पुन्हा सगळं धरावं लागंल!"

मग डोक्याचं मशीन झालं. गाठ निघाली, मसुराच्या डाळीएवढी. एवढ्याशा डाळीनं तुझं तोंड, तुझी पाळी, तुझी हाडं आणि आमची चोरचोळी, सगळं खाल्लं होतं. ऑपरेशन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात, आणि ते पण नाकातून! सासूबाई म्हणल्या, "नाकातून मेंदू ओढून काढतील, आणि मग ती पेपर कशी वाचंल?" त्यांना काळजी पेपरची होती. तरी तुझी बॅग भरताना त्यांनी लाडवांचा अख्खा डबा त्यात घातला, हे पण सांगायला पाहिजे.

ऑपरेशननंतर आम्हाला वाटलं, गाठ गेली, आता बाई नाचत घरी येईल. कशाचं काय! शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, हे सगळं तू पाळलंस. पण घरी आल्यावर तुझे सांधे ठणकायला लागले. वेणी घालायला हात वर जाईना. विनाकारण रडायचीस. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "त्यांच्या अंगाला जास्तीची सवय लागली होती. दारू सुटलेल्या माणसासारखं झालंय. धीर धरा." म्हणजे एक थेंब न पिता तू दारुडी झालीस! मी तुझी वेणी घालायचे आणि म्हणायचे, "उतरली का गं?" तू रडता रडता म्हणायचीस, "अजून नाय, अक्का. अजून एक क्वार्टर हाये."

हळूहळू उतरली. सकाळी एकदा तू दारात उभी होतीस, आणि मला तुझी हनुवटी दिसली. किती वर्षांनी! मी हातातलं पीठ टाकून बघत राहिले. सुमन परत आली होती.

पण ती ग्रंथी काही पुन्हा नीट जागी झाली नाही. कुणाची होते, तुझी झाली नाही. मूल पण झालं नाही. माझीच पोरं तू वाढवलीस, आणि ही मुक्ता तर तुझ्याच मांडीवर बोलायला शिकली. आणि गोळी तुझ्या नशिबाला जन्माची चिकटली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. ताप आला, उलट्या झाल्या, कुठं ऑपरेशन झालं तर गोळी वाढवायची, पोटात टिकत नसंल तर इंजेक्शनसाठी धावायचं. "पण बंद कधीच करायची नाही. गोळीत जे आहे ते तुमचं शरीर आता स्वतः बनवत नाही. बंद केली तर जीव जाईल." आणि माझ्याकडं वळून म्हणल्या, "तुम्ही लक्ष ठेवा."

मी ठेवलं नाही का गं लक्ष? रोज सकाळी पहिला शब्द माझा: "गोळी?" आणि पहिला शब्द तुझा: "घेतली." पोरांची लग्नं झाली, सासूबाई गेल्या, तुझे भासरे, म्हणजे माझे मालक, गेले, हा शब्द चुकला नाही. एकदा लोणच्यात मीठ कुणी जास्त घातलं त्यावरून आपण बोलणं टाकलं होतं. तेव्हा मी मांजरीला म्हणायचे, "मने, विचार तिला, गोळी घेतली का." आणि तू मांजरीला सांगायचीस, "मने, सांग तिला, घेतली. आणि मीठ तिनंच घातलं होतं."

नवरात्राचे उपास तू दर वर्षी करायचीस. साबुदाणा, भगर, आणि गोळी. "औषध उपासाला चालतं," असं तूच बायकांना समजावून सांगायचीस. मग ह्या वेळीच का नाही चाललं?

मागच्या वर्षी मी मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलं. डॉक्टर म्हणले, चाला. मी म्हणलं, आता मला कुठं जायचंय चालून? पलंगावर पडून राहिले. तू वॉकर आणून पलंगाशी उभा केलास, मी त्यावर टॉवेल वाळत घातला. तू ओरडलीस, हातापाया पडलीस, मी भिंतीकडं तोंड केलं. मग एक दिवस तू कर्णपुऱ्याच्या देवीला जाऊन आलीस. आणि कसं कोण जाणे, पुढच्या पंधरवड्यात मी उठून उभी राहिले. चार पावलं टाकली. तू टाळ्या वाजवल्यास! मला वाटलं, ही माझ्या पावलांना टाळ्या वाजवतेय.

घट बसले. पलंगावरून मला देवघर दिसायचं नाही, स्वयंपाकघराचं दार अर्धं दिसायचं. तू सुकत चाललेली मला दिसत होतीस. म्हणलं, ऊन आहे, उपास आहे. सकाळी विचारायचे, "सुमे, गोळी?" तू हातात गोळी घेऊन मला दाखवायचीस आणि आत जायचीस. फुलपात्रात पाणी ओतल्याचा आवाज यायचा. "घेतली, अक्का." चौथ्या माळेला तू ओकत होतीस ते मला ऐकू आलं. मी ओरडले, "गोळी वाढव! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय!" तू म्हणलीस, "वाढवली, अक्का. तुमी झोपा."

पाचव्या माळेला घटाला माळ घालताना तू खाली पडलीस.

दवाखान्यात भाऊजींना विचारलं, काही औषधं चालू आहेत का? भाऊजींनी ही जन्माची गोळी सांगितली. ती कधी चुकली का? भाऊजी म्हणले, "नाही, चुकायचं कारणच नाही. आमच्या वहिनी रोज विचारतात." सुमन, माझं नाव घेऊन सांगितलं त्यांनी! माझ्या रोजच्या विचारण्याला तू तुझ्या खोट्याची साक्षीदार केलंस. म्हणून सगळे हृदयाकडं बघत बसले, आणि जे टोचायला पाहिजे होतं ते टोचायला उशीर झाला. आम्हाला सांगितलं, हार्टनं गेली. तुला शेवटचं उचललं तेव्हा मला पलंगावरून फक्त तुझे तळवे दिसले. मी अजून दारापर्यंत चालू शकत नव्हते.

वर्षभर मी हार्टला शिव्या दिल्या.

आता आपांनी सांगितलं की कर्णपुऱ्याला तू काय बोलून आलीस. "अक्का चालत्या झाल्या तर घटाच्या सगळ्या माळा, पाण्याशिवाय घशाखाली काही घालणार नाही." काही म्हणजे गोळी सुद्धा नाही. आपांना तू हे सांगितलंस कारण तुला कुणाला तरी सांगायचं होतं. आपा म्हणल्या, "मैं बोली उनकू, हमारे में बीमार कू रोजा माफ है. तुमारी देवी क्या हमारे अल्ला से कडक है क्या?" तू हसलीस म्हणे. म्हणलीस, "आपा, दर साल का उपास अलग, ये बोली हुई बात है. बोली हुई बात में सूट नै मांगते." आणि तुला स्वयंपाकघरात फुलपात्र भरून गोळीसकट पाणी मोरीत ओतून देताना त्यांनी बघितलं. तू त्यांना पोरांची शपथ घातलीस.

मी विचारलं, "आपा, वर्षभर माझ्याबरोबर चहा पिला, आणि तोंड उघडलं नाही?"

"तुम चलना छोड देते करके, भाभी," आपा म्हणल्या. "नौ दिन में आदमी मर जाता, ये मेरे कू क्या मालूम था? अब घट फिर आ रे. रात कू नींद नै आती मेरे कू."

त्यांना मी काय बोलू? त्यांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं! डॉक्टरीणबाई तुझ्या तोंडावर बोलल्या होत्या. मग तुला काय वाटलं, देवी मधे पडंल? का वाटलं, थोडे दिवस अंग ओढून नेईल? का ठाऊक असून बोललीस? हे एकच मला कळत नाही, आणि ते सांगायला तू नाहीस.

आणि मला विचारलं का नाहीस? पाय माझा होता. मी म्हणलं असतं, सुमे, लंगडी राहीन, पलंगावर मरीन, पण तू साबुदाणा खा, गोळी खा आणि माझ्या उशाशी बसून पेपर वाच. तू मला पाय दिलास, आणि त्या पायांनी जिच्याकडं चालत जायचं तिलाच नेलंस. असला सौदा कुणी करतं का? दुकानदाराची सून होतीस ना गं तू?

आपा सांगून गेल्या तेव्हापासून मी वॉकरला हात लावला नाही. मला प्रत्येक पाऊल तुझ्या अंगावर पडल्यासारखं वाटतं. भाऊजी म्हणतात, "वहिनी, उरलेल्या माळांचा उपास तुम्ही करा, तिचा जीव मोकळा होईल." भाऊजींवर मी रागवत नाही. त्यांचं तोंड वर्षभरात तुझ्या लग्नातल्या फोटोपेक्षा वाळलंय. पण मी त्यांना सांगितलं, भाऊजी, तुमच्या बायकोनं एक चूक केली, तीच मी पुन्हा करायची आणि तिला पुण्य म्हणायचं? मला ब्लडप्रेशरची गोळी आहे, साखरेची गोळी आहे. मी पण जाऊ का तिच्यामागं? ते म्हणले, "मग तिचं काय करायचं?"

तेव्हापासून मी हाच विचार करतेय. मुक्ता म्हणते, "आजी, दमलीस का?" दमले नाही, ठरवतेय.

तर ऐक. ठरलं. तुझा नवस मी पुरा करणार, पण माझ्या रीतीनं. तू देवीला माझं चालणं मागितलंस, तर तिला चालणंच देणार. सहाव्या माळेपासून शेवटच्या माळेपर्यंत रोज पलंगावरून उठून माझ्या पायांनी देवघरात जाईन, घटाला माळ घालीन. आणि मग तिच्याच पुढं बसून माझ्या सगळ्या गोळ्या घेईन, पाणी पीन, आणि भाकरी खाईन. अर्धी नाही, अख्खी. देवी मला काय म्हणायचं ते म्हणू दे. मला वाटतं काही म्हणणार नाही. ती पण बाई आहे, तिलाही तुझा रागच आला असंल. दसऱ्याला आपा आणि मी रिक्षानं कर्णपुऱ्याला जाऊ. आपा बाहेर थांबतील, मी आत चालत जाईन.

माफ केलं असं लिहू का, मुक्ता विचारते. नको. खोटं लिहू नको, एका घरात एक खोटं पुरे झालं. मी तुझ्यावर रुसलेलीच आहे, आणि बरेच दिवस रुसून राहणार. पण एवढा शब्द देते सुमे, रुसून बसणार नाही. रुसून चालेन. तुझ्या जिवाचे पाय आहेत हे, ते मी पलंगावर वाळत घालणार नाही.

मुक्ताला म्हणलं, पेन ठेव आणि वॉकर दे इकडं.

तुझी,
भांडण न संपलेली थोरली जाऊ,
अक्का